जांभ्यावरची बाग: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते नोव्हेंबर

जागा तळकोकणातली. खाली जांभा, वर कुठे हातभर तर कुठे वीतभर तांबडी, आम्लधर्मी माती. चार महिने पाणी नको म्हणायची पाळी, उरलेले आठ महिने विहिरीकडे डोळे. यंदाची कामे चार: सदाहरित जंगलातल्या झाडांची बियांपासून रोपे करणे, वाऱ्याने खाली आलेल्या आमरी (ऑर्किड) पुन्हा झाडांवर बसवणे, तळ्यात महाकमळ वाढवणे, आणि नोंदवही व पाट्यांची घडी बसवणे. शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे. पण झाड कुठून आले, कधी आले, कोणत्या झाडाचे बी, हे लिहिलेले नसेल तर ते वनस्पती उद्यान नव्हे, नुसती फिरायची बाग.

४ एप्रिल

पाट्यांपासून सुरुवात. जुन्या पाट्या जस्ताच्या तारेने खोडाला आवळून बांधलेल्या होत्या. झाड जाडीला वाढते, तार वाढत नाही. तीन झाडांच्या सालीत ती बोटभर रुतलेली निघाली. अशा जागी साल वरून फुगते, पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे उतरत नाही, आणि जून-जुलैच्या वाऱ्यात खोड नेमके तिथेच मोडते. रुतलेली तार उपटून काढायची नाही, साल सोलून निघते. दोन ठिकाणी कापून सुटेल तेवढीच काढली.

नवीन पाटी: अर्धा मिलिमीटर जाडीचा मऊ ॲल्युमिनियमचा पत्रा, ५ बाय १० सेंटीमीटर. खाली जुने मासिक ठेवायचे आणि शाई संपलेल्या बॉलपेनाने दाबून लिहायचे. अक्षर पत्र्यात उमटते, पुसले जात नाही. मार्करची शाई ऊन-पावसात टिकत नाही, ‘पर्मनंट’ लिहिलेली असली तरी. मोठ्या झाडांना स्प्रिंग लावून पट्टा, म्हणजे खोडाबरोबर तो ताणला जातो. रोपांना खोडावर काहीच नाही, शेजारी खुंटी.

पाटीवर नोंद क्रमांक, शास्त्रीय नाव, मराठी नाव, कूळ, मूळ ठिकाण. क्रमांक म्हणजे साल आणि त्या सालातला अनुक्रम. झाड मेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. वहीत ‘मेले’ लिहून कारण टाकायचे. मेलेल्यांची कारणे ओळीने वाचली की बागेचा कोणता कोपरा पाणथळ आहे ते आपोआप कळते.

नुसत्या मराठी नावावर विसंबून राहिले की घोटाळा होतो. ‘अशोक’ म्हणून रस्त्याकडेला उभा असतो तो उंच, सरळसोट आसुपालव. खरा सीताअशोक वेगळा, वेगळ्या कुळातला. ‘नागकेशर’ मागितले तर बाजारात कधी नागचाफ्याचे पुंकेसर मिळतात, कधी सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या. म्हणून शास्त्रीय नावाशिवाय पाटी लावायची नाही.

११ एप्रिल

महाकमळाचे बी टोचले. लोक याला सरसकट ‘अमेझॉनचे कमळ’ म्हणतात, पण आपल्याकडची जात व्हिक्टोरिया क्रुझियाना, पराना-पराग्वे नद्यांच्या खोऱ्यातली. अमेझॉनची ती व्हिक्टोरिया अमेझोनिका. ओळखायची खूण कळीवर असते: अमेझोनिकाच्या बाहेरच्या दलांवर वरपर्यंत काटे, क्रुझियानाच्या फक्त बुडाशी. पानाची उभी कडही क्रुझियानाची जास्त उंच.

बी वाटाण्याएवढे, काळपट, टणक. ते सतत पाण्यातच ठेवावे लागते. सुकले की संपले. एकोणिसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून इंग्लंडला जाणारे बी वाटेत मरायचे ते यामुळेच. १८४९ मध्ये स्वच्छ पाण्याच्या कुप्यांतून पाठवलेले बी लंडनच्या क्यू उद्यानात रुजले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅट्सवर्थ इस्टेटीत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याच्या देखरेखीखाली पहिले फूल उमलले. तिथे त्यासाठी काचघर आणि तापवलेले पाणी लागले. तळकोकणात एप्रिलमध्ये नुसती बरणी अंगणात ठेवली तरी पाणी ३० अंशांवर जाते.

पद्धत: बियाच्या एका टोकाला छोटी गोल टोपी दिसते. दाभणाच्या टोकाने तिची कड हळूच उचकटायची. आतला पांढरा भाग टोचायचा नाही. १२ बिया, काचेच्या दोन बरण्या, पाणी रोज अर्धे बदलायचे. दुपारी पाणी ३५ च्या वर जाऊ नये म्हणून बरण्या झापाच्या सावलीत.

२३ एप्रिल

सात रुजल्या. पहिले पान दोऱ्यासारखे, दुसरे भाल्याच्या पात्यासारखे. दोन्ही पाण्याखालीच राहतात. गोल तरंगणारी पाने त्यानंतर. ज्या दोन बियांभोवती पांढरी बुरशी आली त्या दोन्ही टोचताना आतपर्यंत दुखावलेल्या होत्या.

रोपे ४ इंची कुंड्यांत, निम्मी चिकणमाती आणि निम्मी वाळू, खत अजिबात नाही. कुंडीच्या कडेवर जेमतेम १० सेंटीमीटर पाणी. इवल्या रोपाला खोल पाण्यात टाकले तर पान वर येईपर्यंत बियातले अन्न संपते.

६ मे

रामपत्रीचे बी आले. मिरिस्टिका मलबारिका, आपल्या सह्याद्रीतली रानजायफळ. फळ उकलते तेव्हा आत नारिंगी-पिवळी जाळीदार पत्री बियाला कवटाळून बसलेली असते. तीच सुकवून मसाल्यात जाते, रामपत्री नावाने. मसाल्यासाठी फळे उकलायच्या आधीच उतरवली जातात, त्यामुळे झाडाखाली रुजायला बी उरत नाही. धनेश पक्षी पिकलेले फळ गिळून बी दूर नेऊन टाकतो. माणूस पत्री घेतो आणि बीही जागेवर ठेवत नाही.

हे बी सुकवून साठवता येत नाही. कडधान्याचे बी कोरडे झाले की झोपते, रामपत्रीचे मरते. आंबा, फणस, कोकम, जायफळ यांचेही तसेच. दारात बी आल्यापासून मोजून दोन दिवसांत पेरायचे.

कृती:
– पत्री हाताने सोडवली. नखाने ओरबाडले की टरफलावर चरा पडतो, म्हणून आधी तासभर पाण्यात.
– धुतलेले बी पाण्यात टाकले. तरंगणारी बाजूला काढली, फोडून पाहिली, बहुतेकांत अळी.
– उरलेल्या ८४ बिया नदीच्या वाळूच्या वाफ्यात आडव्या घातल्या, वर दीड-दोन सेंटीमीटर वाळू. उभे घातले आणि टोक चुकून उलटे पडले तर मूळ वळसा घेते आणि रोप वाकडे येते.
– वाफ्यावर ओले गोणपाट, त्यावर ७५ टक्क्यांची शेडनेट.
– उंदीर! वाफ्याला चारी बाजूंनी आणि वरून अर्धा इंची जाळी. ही जाळी विसरली की बाकी सगळी काळजी फुकट.

रुजायला दीड-दोन महिने लागतात, आणि सगळ्या एकदम रुजत नाहीत. रामपत्रीत नर आणि मादी झाडे वेगळी. कोणते रोप काय निघेल ते पहिल्या फुलापर्यंत समजत नाही. म्हणून लावताना एकटे झाड कधीच नाही, एका जागी निदान पाच.

१४ मे

तळ्याची तयारी. तळे ६ मीटर व्यासाचे, पाऊण मीटर खोल. मधोमध विटांचे गोल आळे, सव्वा मीटर रुंद. भर: शेतातली चिकट माती तीन भाग, दोन वर्षे कुजलेले शेणखत एक भाग, वर चार बोटे जाड वाळू. खत कच्चे असेल तर पाण्याखाली ते आंबते, बुडबुडे येतात, पाणी काळे पडून वास मारते आणि मुळे कुजतात. ओळखायची सोपी रीत: मूठभर खत ओले करून बंद डब्यात दोन दिवस ठेवायचे. उघडल्यावर नाक मुरडावे लागले तर ते अजून तयार नाही.

पाणी भरून आठ दिवस तसेच ठेवायचे. डासांसाठी गप्पी मासे सोडले. रोपे आता १० इंची कुंड्यांत. सर्वांत जोमदार ते एकच आळ्यात जाईल. एका तळ्यात दोन लावायचा मोह होतो. दोन्ही अर्धपोटी राहतात.

२२ मे

रोहिणी लागायला तीन दिवस. आमरी बसवायची हीच वेळ, मुळांची टोके हिरवी होऊन पुढे सरकू लागली की. पावसाळा पूर्ण मिळतो आणि दसऱ्यापर्यंत मुळे सालीला धरतात. थंडीत बसवलेली आमरी वर्षभर नुसती लोंबकळते.

आलेल्या सगळ्या वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरच्या. उभ्या झाडावरून ओरबाडलेली आमरी घ्यायची नाही, हा नियम. सीतेची वेणी (रिंकोस्टायलिस रेटुसा) ९, एरिडिस क्रिस्पा ४, पांढरी आमरी (डेंड्रोबियम बार्बाट्युलम) ११.

मेलेली मुळे कापली. ओळख: दाबले की चपटे होते आणि आत फक्त दोरा हाताला लागतो. जिवंत मूळ भरीव, कोरडे असताना रुपेरी पांढरे, पाणी पडताच हिरवट. हा रंगबदल पाहत बसायला चांगला, आणि उपयोगाचाही: फवारल्यावर मूळ हिरवे झाले की पाणी पुरे.

झाड निवडताना साल पाहायची. आंबा उत्तम, फणस चांगला. पेरू, अर्जुन, निलगिरी यांची साल सोलून पडते, आमरीसकट. पूर्वेची बाजू, फांद्या फुटतात त्या जागेच्या जरा खाली. जुन्या सुती साडीची दोन बोटे रुंद पट्टी, दोन वेढे, करकचून नव्हे पण हलणार नाही अशी. रोप वाऱ्याने हलत राहिले तर मुळांची कोवळी टोके सालीवर घासून तुटतात. आमरी न धरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. पाणी कमी पडले, ही तक्रार बहुतेक वेळा खोटी.

नारळाचे सोडण बुडाशी बांधायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. कोरड्या हवेत ठीक. इथे जूनपासून ते चिंब राहते आणि बूड कुजते. सोडण नको. आणखी एक: सीतेची वेणी आणि एरिडिस बांधताना शेंडा आडवा किंवा थोडा खाली झुकलेला ठेवायचा. शेंडा आभाळाकडे केला की पानांच्या बेचक्यात पाणी साठून गाभा कुजतो, आणि या आमरींना शेंडा एकच असतो.

३० मे

सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण, एक टक्का. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, प्लास्टिकच्या पिंपांत. चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचे पाणी ओतायचे, उलटे नाही, आणि काठीने ढवळत राहायचे. मग कोयतीचे घासलेले पाते मिश्रणात मिनिटभर बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुन्याची निवळी वाढवायची. थर नाही, रंग आकाशी, मग फवारणीला तयार. आजचे आजच संपवायचे.

तांबे आमरींना, विशेषतः डेंड्रोबियमना, सोसत नाही: मुळांची टोके काळी पडतात. सुपारीच्या रांगेच्या पश्चिमेला आंबा आहे आणि त्यावर आठ दिवसांपूर्वीच बसवलेल्या आमरी. म्हणून फवारणी पहाटे, वारा पडलेला असताना, आणि आंब्यावर प्लास्टिकचा कागद. ऊन चढायच्या आत कागद काढला.

महाकमळाचे रोप आळ्यात गेले. मोठे पान वीतभर.

९ जून

मृगाचा पाऊस. सड्याच्या (उघड्या कातळाच्या माळाच्या) राखीव तुकड्यावर दीपकाडी फुलली. डिपकाडी कोंकणेन्स, फक्त कोकणातल्या सड्यांवर वाढणारी. आठ महिने कातळाच्या भेगेतल्या मूठभर मातीत कांदा निजलेला असतो, पहिल्या पावसाने उठतो आणि पांढऱ्या नळीदार फुलांचा दांडा काढतो.

या तुकड्यावरचे काम म्हणजे काम न करणे. माती आणून टाकायची नाही, खत तर मुळीच नाही. सड्यावरची झाडे उपाशी राहायला शिकलेली आहेत. जमीन सुपीक झाली की गवत येते आणि ही सगळी त्याखाली झाकली जाते. ऑगस्टात इथेच सीतेची आसवं नावाची इवली रोपे निळी-जांभळी होतात. मुळांजागी बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले जीव पकडून ती नत्राची गरज भागवतात. शेणखत टाकले तर त्यांचा हा उद्योगच बुडेल.

पायवाट दोरी लावून आखली. चिऱ्यांच्या खाणीतून आलेली खडीही नको, तिच्याबरोबर तणाचे बी येते.

१८ जून

ढग सलग. रोपवाटिकेवरच्या दोन शेडनेटपैकी वरची काढली. उन्हाळ्यातली सावली पावसाळ्यात तशीच ठेवली तर रोपे उंच, पांढुरकी आणि लुळी होतात.

कोकमाच्या वाफ्यात मर दिसली. जमिनीलगत खोड पाणचट होऊन रोपे आडवी पडली. कारण स्पष्ट: दाट पेरणी आणि पन्हळीची गळती नेमकी त्या वाफ्यावर. आधी पन्हळ दुरुस्त केली. मग आडवी पडलेली रोपे मुळासकट, आजूबाजूच्या मातीसह काढून जाळली आणि उरलेल्या वाफ्यात ट्रायकोडर्मा, १० ग्रॅम एका लिटरला, झारीने. बोर्डोचे पाणी इथे ओतायचे नाही. तेही बुरशीनाशक, ट्रायकोडर्माही बुरशीच.

पिशव्यांचे पावसाळी मिश्रण बदलले: तांबडी माती दोन, शेणखत एक, वाळू दीड (उन्हाळ्यात वाळू एकच). पिशवीला खाली दोन भोके पुरत नाहीत, बाजूंनाही सहा.

२ जुलै

रामपत्री २९ वर. बाकीच्या वाफ्यात हात घालायचा नाही, बोटांनी उकरून ‘आले का’ पाहिल्याने येणारे मूळ तुटते.

महाकमळाचे पान एक मीटर. काल दिवसभर धो धो पाऊस आणि तरी पानावर पाणी साठलेले नाही. इतकी उंच कड असलेले ताट भरून बुडायला हवे. कडेला समोरासमोर दोन खाचा असतात त्यांतून पाणी ओघळते, आणि पानभर सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे आहेत त्यांतून उरलेले खाली जिरते. कातळावरचे पाणी काढायला आपण चर खणतो, ते हे पान जन्मजात घेऊन येते.

पानाच्या खालच्या शिरांवर काटे, रबरी हातमोजे भेदणारे. चामड्याचेच लागतात. खत: हाडांची भुकटी चिकणमातीत मळून मुठीएवढे गोळे, सहा गोळे आळ्यात कोपरभर खोल दाबले. दर तीन आठवड्यांनी. खत पाण्यात विरघळू दिले तर शेवाळाची चैन होते.

तळ्याचा सांडवा एक वीत खाली घेतला. पावसाचे थंड पाणी वर पसरून राहू नये एवढ्यासाठी.

१४ जुलै

सीताअशोकाच्या शेंगा तडकायला लागल्या. जांभळट, चामड्यासारख्या, चपट्या. हेही बी साठवणीचे नाही. काही बिया ओल्या शेंगेतच मोड काढून बसल्या होत्या. ६० बिया थेट पिशवीत, एकेक, बियाच्या जाडीइतक्याच खोल. तीन आठवड्यांत वर येतात.

नवीन माणसासाठी सूचना भिंतीवर लावली: अशोकाची कोवळी पालवी तांबूस असते आणि मान टाकून लोंबते. ती वाळलेली नाही! आठ-दहा दिवसांत हिरवी होऊन ताठ होते. ‘सुकले’ समजून पाणी वाढवले की मुळे कुजतात आणि मग ते खरेच मान टाकते.

सुपारीची दुसरी फवारणी उघडीप पाहून, पहिलीनंतर ४५ दिवसांनी.

२७ जुलै

आफ्रिकी गोगलगायी. आमरींच्या मुळांची हिरवी टोके एका रात्रीत साफ. चुन्याची रेघ पावसात दहा मिनिटेही टिकत नाही. चालले ते असे: गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी झाडांच्या बुंध्याशी पसरायचे, रात्री नऊला आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन गोळा करायच्या, मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे घालूनच, कारण त्यांच्या चिकट्यातून मेंदूला इजा करणारा कृमी माणसात जाऊ शकतो. नंतर खड्ड्यात पुरायच्या. शंख उघड्यावर राहिले तर त्यांत पाणी साचून डास. पहिल्या रात्री दोन बादल्या, पाचव्या रात्री अर्धी. गोणपाट रोज हलवावे लागते. एकाच जागी ठेवले तर तेच त्यांचे घर होते.

९ ऑगस्ट

महाकमळाची पहिली कळी दुपारी पाण्यावर आली. सहाला दले सुटू लागली, पावणेसातला पूर्ण उघडले. पांढरे शुभ्र, वास पिकल्या अननसाचा, गडग्यापलीकडे जाईल इतका. उमलताना फूल स्वतः तापते. पाकळ्यांच्या आत बोट नेले की बाहेरच्या ओल्या हवेपेक्षा ऊब जाणवते. मूळ मुलखात या उबेला आणि वासाला भुंगेरे येतात, सकाळी फूल मिटते तेव्हा आत अडकतात आणि दुसऱ्या संध्याकाळी परागांनी माखून सुटतात.

पहिल्या रात्री फूल मादी, दुसऱ्या रात्री नर. ते भुंगेरे इथे नाहीत, म्हणून ब्रश. मात्र आज एकच फूल आहे, त्याला द्यायला पराग नाहीत. थांबायचे.

१० ऑगस्ट

संध्याकाळी तेच फूल पुन्हा उघडले, आता गुलाबी. पराग मऊ ब्रशने कागदाच्या पुडीत. दुसरी कळी वर यायला अजून दोन-तीन दिवस, तोवर पुडी कोरड्या डब्यात.

१३ ऑगस्ट

दुसरे फूल, पहिली रात्र. साडेसातला पराग मधल्या वाटीतल्या स्त्रीकेसरांवर लावले. साठवलेले पराग कामाला आले की नाही ते फळ धरल्यावर कळेल. खात्रीसाठी उद्याच्या ताज्या परागांनी पुढचे फूल. देठाला दोरा आणि तारीख.

२१ ऑगस्ट

चौथ जवळ आली. माटवीला (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळाफुलांच्या चौकटीला) लागणारी रानातली झाडे बागेच्या कुंपणाकडेला एका पट्ट्यात आहेत: कळलावी, शेरवड, कांगणी, कवंडळ. दरवर्षी इथून मोजके द्यायचे ठरले आहे. कांगणीचे घोस कापताना निम्मे वेलावर राखायचे, त्यांचेच बी पुढे पेरायचे आहे. कळलावीचे फूल द्यायचे, कंद कोणी मागितला तरी नाही. सगळेच झाड विषारी, कंद सर्वांत जास्त. उकरताना त्याचे टोक मोडले तर तो कंद बाद, कारण डोळा फक्त टोकाला असतो. फुले देताना हात धुवा असे सांगायचे.

१२ सप्टेंबर

श्रीताड, म्हणजे बजरबट्टूचा माड, याच्या दोन झाडांची नवीन पाने उघडली ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. गेंड्या भुंगा. पान घडी घातलेले असतानाच तो गाभ्यात भोक पाडतो, घडी उलगडली की नक्षी दिसते. म्हणजे दिसणारी इजा कित्येक आठवड्यांपूर्वीची. लोखंडी आकड्याने भोकातून दोन भुंगे काढले. वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड २५० ग्रॅम आणि तेवढीच वाळू मिसळून भरली. पुन्हा डिसेंबर-जानेवारीत आणि एप्रिल-मेमध्ये.

भुंग्याचा पाळणा आपल्याच खतखड्ड्यात आहे. खड्डा उलटा केला तर इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या. वेचल्या, कोंबड्यांना घातल्या. खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली. दर दोन महिन्यांनी खड्डा उपसणे वेळापत्रकात टाकले.

हा माड तीसपासून ऐंशी वर्षांपर्यंत कधीतरी एकदाच फुलतो आणि फळे पिकली की मरतो. लावणाऱ्याने फुलाची वाट पाहू नये. याचे बी लावताना पिशवी किमान दीड फूट खोल हवी: बी रुजल्यावर कोंब वर न येता आधी नळीसारखा खाली जातो आणि रोप खोलातून वर निघते. उथळ कुंडीत तो तळाला धडकून वळतो. ताडगोळ्याच्या ताडाचेही तसेच.

६ ऑक्टोबर

महाकमळाचे ताज्या परागांचे फळ पिकले, पाण्याखाली, काटेरी. वेळेवर मच्छरदाणीची पिशवी बांधली होती म्हणून बी हाती लागले. फळ फुटल्यावर बी आधी तरंगते, भोवतालचा बुळबुळीत गर गेला की बुडते. पिशवी नसेल तर तळभर पसरते. १४० बिया. साठवलेल्या परागांच्या फुलाला फळच धरले नाही, देठ कुजला. वहीत तसे लिहिले.

रामपत्री ८४ पैकी ५३. चार पानांची झाली ती ८ बाय १२ इंची पिशव्यांत. यंदा जमिनीत लावायची नाहीत. पुढचे आठ महिने कोरडे. वीतभर मुळाला जांभा ओल देत नाही. पुढच्या जूनला, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी पण पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. तिची बहीण मिरिस्टिका मॅग्निफिका मात्र चिखलातच उभी राहते. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या दलदलीत तिची मुळे पाण्यावर आलेली दिसतात. दोघींना एकाच जागी लावू नये.

१५ नोव्हेंबर

आमरींच्या पट्ट्या तपासल्या. २४ पैकी १९ नी साल धरली, त्यांच्या पट्ट्या कापल्या. तीन गोगलगायींनी खाल्ल्या, दोन हलत राहिल्याने गेल्या.

पांढऱ्या आमरीचे पाणी आजपासून बंद. पाने पिवळी होऊन गळतील, कांड्या सुरकुततील आणि पाहणारा प्रत्येक जण झारी घेऊन धावेल. आंब्याखालच्या नळाचा दांडा काढून कपाटात ठेवला. महाकमळाच्या बरणीवर क्रमांक, तारीख आणि ‘पाणी दर आठवड्याला’ लिहिले. पुढची नोंद पांढरीच्या पानगळीनंतर कांड्यांवर कळ्यांचे डोळे दिसतील तेव्हा.